कुणाला रोखायचं, कुणाला फक्त विचारायचं: फॉर्मचे नियम कोडबाहेर काढतानाचा अनुभव

इंदूरमधल्या एका जुन्या मराठी पतसंस्थेचं सभासद नोंदणीचं सॉफ्टवेअर आमच्या छोट्या टीमकडे आलं, तेव्हा त्याच्यासोबत काउंटरवरची तक्रारींची वही पण आली. वहीत पानोपानी एकच सूर, फॉर्म पुढे जात नाही. ओक आडनावाचे एक आजोबा, त्यांचं आडनाव मराठीत टाकलं की लाल अक्षरात "कृपया वैध नाव भरा" यायचं, कारण जुन्या कोडमधे कुठेतरी लिहिलं होतं की आडनाव किमान तीन अक्षरांचं पाहिजे आणि 'ओक' मशीनच्या मोजणीत दोनच भरतं. जोग मात्र पास, कारण ज, मग ओकाराची मात्रा, मग ग, अशी मशीन तीन मोजतं. काउंटरवरच्या ताईंनी यावर स्वतःच तोड काढली होती, आडनावापुढे टिंब द्यायचं, झाले तीन. ते टिंब मग पासबुकावर, शेअर सर्टिफिकेटवर, सगळीकडे छापून येत राहिलं.

मला वाटतं या सगळ्या कामाचं सार त्या टिंबातच आहे. माणसाला अडवलं की माणूस थांबत नाही, वाट काढतो, आणि ती वाट आपल्या डेटातून जाते. मोबाइल अनिवार्य केला की दहा वेळा नऊ येतो, ईमेल अनिवार्य केला की काउंटरवाल्याचाच ईमेल चारशे सभासदांच्या नावावर चढतो, जन्मतारीख अडवली की १ जानेवारी. डेटा स्वच्छ राहावा म्हणून लावलेला नियमच डेटा घाण करतो आणि वर रिपोर्टमधे सगळं हिरवं दिसतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. म्हणून आम्ही ठरवलं की नुसते नियम दुरुस्त करून भागणार नाही, नियम कोडमधून बाहेर काढायचे, संस्थेच्या लोकांना वाचता येतील बदलता येतील असे ठेवायचे, आणि प्रत्येक नियमाला विचारायचं की बाबा तू मोडलास तर पुढे काय करायचं?

सुरुवात कोडपासून नाही केली, ताईंपासून केली. त्या इंदूरच्याच रामबागेतल्या, पंचवीसेक वर्षं त्या काउंटरवर आहेत, आणि त्यांच्या डोक्यात जेवढे नियम आहेत तेवढे कोणत्याच फाइलीत नव्हते. अर्ज हातात घेतला की त्या काय बघतात ते त्यांच्या शेजारी बसून लिहून काढलं. "हे बघा, पत्ता महूचा आणि पिन इंदूर शहराचा, ४५२ चा, म्हणजे मुलाच्या घरचा पत्ता टाकलाय, विचारून घ्यायचं." "सही इंग्रजीत आणि नाव मराठीत, चालतं, पण स्पेलिंग पॅनवरचंच घ्यायचं." लक्षात आलं की त्या अर्ज क्वचितच परत करतात, बहुतेक वेळा फक्त विचारतात. आणि जुनं सॉफ्टवेअर विचारत कधीच नव्हतं, फक्त नाकारत होतं.

त्यावरून आमच्या तीन पातळ्या ठरल्या. रोखा, विचारा, टिपा. 'रोखा' म्हणजे सेव्हच होणार नाही. 'विचारा' म्हणजे स्क्रीनवर प्रश्न येतो, भरणारा माणूस कारण निवडतो आणि पुढे जातो. 'टिपा' म्हणजे भरणाऱ्याला काहीच दिसत नाही, पण संध्याकाळच्या यादीत ते नाव येतं आणि ताई किंवा मॅनेजर साहेब बघून घेतात. एवढी एक गोष्ट केली आणि निम्मे वाद मिटले, कारण आधी प्रत्येक मीटिंगमधे नियम ठेवायचा की काढायचा यावर भांडण व्हायचं आणि आता फक्त तो कोणत्या पातळीवर ठेवायचा हे ठरवायचं असतं.

पॅनचं उदाहरण जरा नीट सांगतो कारण ते फार बोलकं आहे. पॅन दहा अक्षरी, आधी पाच इंग्रजी अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. चौथं अक्षर सांगतं की धारक कोण, व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी, हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर एच, भागीदारी फर्म असेल तर एफ. पाचवं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं पहिलं अक्षर. आता कुठलाही उत्साही प्रोग्रामर हे वाचून लगेच नियम लिहील की पाचवं अक्षर आडनावाशी जुळलं नाही तर अर्ज बाद, आणि जुन्या कोडमधे अगदी हेच होतं. पण लग्न झाल्यावर बाईचं आडनाव बदलतं, पॅन कार्डावरचं नाव पण रीतसर बदलून मिळतं, पॅन नंबर मात्र तोच राहतो, आयुष्यभर. म्हणजे माहेरची कुलकर्णी, सासरची पाटणकर, तर पॅनमधे के आणि अर्जात पी, आणि दोन्ही शंभर टक्के बरोबर. संस्थेच्या निम्म्या सभासद बायका, त्यातल्या बहुतेक लग्न झालेल्या, आणि सॉफ्टवेअर त्यांना सांगतंय की तुमचा पॅन चुकीचा आहे! यावर मला खरंच राग आला होता. शिवाय वाघ हे व्हीने लिहायचं की डब्ल्यूने, झोपे झेडने की जेने, हे त्या त्या घराने आपापलं ठरवलेलं असतं, त्यामुळे मराठीत भरलेल्या आडनावावरून इंग्रजी अक्षर ओळखणं हा प्रकारच अंदाजाचा.

तर पॅनचे आता चार वेगळे नियम आहेत. एकूण रचना बरोबर नसेल तर रोखा. अर्ज वैयक्तिक आणि चौथं अक्षर पी नसेल तर रोखा, कारण तिथे बहुतेक वेळा फर्मचा किंवा कुटुंबाचा पॅन टाकलेला असतो. पाचवं अक्षर जुळत नसेल तर टिपा, बस. आणि तोच पॅन आधी दुसऱ्या सभासदाच्या नावावर असेल तर विचारा, कारण बऱ्याचदा तोच माणूस जुनं खातं विसरून नव्याने अर्ज करतोय असं निघतं. चार नियम, तीन पातळ्या, एकच फील्ड. जुन्या कोडमधे हे सगळं एकाच इफमधे, म्हणजे एकाच अटीत, कोंबलेलं होतं.

नियम ठेवायचे कशात यावर बराच खल झाला. जेसन स्कीमा, म्हणजे डेटाची रचना कशी असावी ते लिहायची एक प्रमाणित पद्धत, आम्ही बघितलं, रचना तपासायला ते झकास आहे, पण त्यात पातळी ही कल्पनाच नाही, आपल्या भाषेतला मेसेज द्यायची प्रमाणित सोय नाही, आणि एक गोष्ट अनेकांना माहीत नसते ती म्हणजे २०२०-१२ च्या आवृत्तीत फॉरमॅट ईमेल असं लिहिलं तरी मुळात ती नुसती टीप धरली जाते, तपासणी वेगळी चालू करावी लागते. ड्रूल्ससारखं मोठं रूल इंजिन, म्हणजे नियम चालवणारं तयार सॉफ्टवेअर, एका पतसंस्थेसाठी फारच जड. पायडँटिक ही पायथनची तपासणीची लायब्ररी वापरतो आम्ही, पण त्यातले नियम पुन्हा कोडमधेच राहतात. शेवटी नियमांची यादी यामल फाइलीत, म्हणजे माणसाला वाचता येईल अशा साध्या मजकूर फाइलीत, आणि तपासणीची फंक्शनं पायथनमधे असं ठरलं. फाइलीत फंक्शनचं फक्त नाव लिहायचं, सोबत मर्यादा. फाइलीतलं वाक्य थेट कोड म्हणून चालवायची सोय मुद्दाम ठेवली नाही, कारण तशी सोय ठेवली की ज्याच्या हातात फाइल त्याच्या हातात सर्व्हर.

एक नियम वाचायला साधारण असा दिसतो: फील्ड पिनकोड, तपासणी राज्याशी जुळणं, पातळी विचारा, मेसेज "हा पिन मध्य प्रदेशातला वाटत नाही, पत्ता एकदा बघाल का?", कधीपासून, कधीपर्यंत, चालणारी उदाहरणं, न चालणारी उदाहरणं. उदाहरणं नियमाच्या आतच, वेगळ्या टेस्ट फाइलीत नाहीत. फाइल लोड होताना प्रत्येक नियम आधी स्वतःच्या उदाहरणांवर चालतो आणि एक जरी उलटं निघालं तरी नवी फाइल घेतली जात नाही, जुनीच चालू राहते. ओक हे आडनावाच्या नियमातलं पहिलं उदाहरण आहे.

यामलने मात्र एक जबरदस्त झटका दिला. इंदूरचा एसटीडी कोड ०७३१, फाइलीत इंग्रजी आकड्यांत तसाच लिहिलेला, आणि प्रोग्राममधे तो पोचला ४७३ होऊन! कारण यामल १.१ च्या नियमाप्रमाणे शून्याने सुरू होणारा आणि पुढे ० ते ७ एवढेच आकडे असणारा नंबर अष्टमान, म्हणजे आठाच्या, पद्धतीचा धरतात, आणि पायथनची पाययामल लायब्ररी तोच जुना नियम पाळते. ग्वाल्हेरचा ०७५१ झाला ४८९, वडोदऱ्याचा ०२६५ झाला १८१, देवासचा ०७२७२ झाला ३७७०, पण धारचा ०७२९२ मात्र जसाच्या तसा, कारण त्यात नऊ आहे आणि नऊ अष्टमानात बसत नाही. म्हणजे धार बरोबर, देवास चूक, आणि दोन्ही ओळी दिसायला अगदी सारख्या. नुसत्या डोळ्यांनी हे कुणालाच सापडलं नसतं, उदाहरणं नियमाला चिकटलेली होती म्हणून लोड होतानाच ओरडा झाला. तसंच इंग्रजीतलं नो हे उत्तर त्याच नियमाने आपोआप खोटं या किमतीत बदलतं, त्यामुळे परवानगी असलेल्या उत्तरांच्या यादीत शब्दच राहत नाही. उपाय सोपा निघाला, पाययामलचा बेसलोडर वापरायचा, तो सगळं काही मजकूर म्हणून वाचतो, आणि आकडा कुठे हवा ते आम्ही आमच्या हाताने ठरवतो. ताई आणि मॅनेजर साहेब यामल उघडत नाहीत अर्थात, ते एक्सेलसारख्या शीटमधे काम करतात आणि शीटमधून फाइल बनते, पण शीट पण पुढचं शून्य खाऊन टाकते, तेव्हा तिथेही सगळे कॉलम आधी टेक्स्ट करून घेतले.

आता मराठी मजकुराकडे येतो, कारण मराठी किंवा हिंदी फॉर्म करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी आडवं येणारच. पायथनमधे मजकूर तपासायचा पॅटर्न लिहिताना बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर, असं सगळे धरून चालतात. पण त्यात देवनागरीच्या मात्रा आणि हलंत येत नाहीत, त्या युनिकोडमधे, म्हणजे कंप्युटरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, चिन्ह म्हणून नोंदलेल्या आहेत, अक्षर म्हणून नाही. परिणाम काय, तर पहिल्या नावाच्या फील्डमधे शरद, कमल, मदन हे पास आणि सुनील, विमला, गोपाळ हे नापास. ज्याच्या नावात काना मात्रा वेलांटी नाही तोच सभासद व्हायचा! जुन्या सॉफ्टवेअरमधे मराठी नावं कधी चालायची आणि कधी नाही याबद्दल ऑफिसात नाना तर्क होते, नेट स्लो असतं म्हणून, कीबोर्ड खराब म्हणून, आणि कारण होतं हे.

आकड्यांचं उलट आहे. पायथनमधे बॅकस्लॅश डी, म्हणजे आकडा, याला देवनागरी आकडे चालतात, इतकंच काय तर देवनागरीत लिहिलेला पिनकोड सरळ संख्येत बदलून मिळतो. जावास्क्रिप्टमधे बॅकस्लॅश डी म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. मग एकच नियम ब्राउझरमधे नाकारतो आणि सर्व्हरवर स्वीकारतो, आणि जिथून अर्ज थेट सर्व्हरला जातात, म्हणजे एक्सेलमधून घाऊक अपलोड, तिथून देवनागरी आकड्यांचे मोबाइल नंबर आत शिरतात आणि एसएमएस पाठवताना कुठेतरी लांब जाऊन फुटतात. माझं ठाम मत आहे की असे आकडे नाकारायचे नाहीत. ज्या आजींनी आयुष्यभर ४५२००१ असाच पिन लिहिला त्यांना आपण काय म्हणून शिकवायचं? आपण बदलून घ्यायचं.

म्हणून तपासणीच्या आधी साफसफाईची एक पायरी आली, आणि ती पण नियमांसारखीच फाइलीतून ठरते. पुढच्या मागच्या मोकळ्या जागा काढा, मधल्या दोन जागांची एक करा, आकडे एका रूपात आणा, मोबाइल नंबराच्या सुरुवातीचा +९१ किंवा शून्य काढा, पॅन कॅपिटलमधे करा, युनिकोड एनएफसी रूपात आणा, म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलं असेल तर त्याचं एकच प्रमाण रूप करा. पण एनएफसीने सगळं भागत नाही. कऱ्हाडे हे आडनाव घ्या. ते दोन तऱ्हांनी टाइप होतं, एकात नुक्त्याचा ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, मशीनला ती दोन वेगळी आडनावं. एनएफसी त्यांना एक करत नाही. त्यातून कुणी हुशारी करून न दिसणारी सगळी चिन्हं काढून टाकली तर दुसऱ्या प्रकारातला अर्धा र हच्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि आडनावच बिघडतं. आम्ही एक छोटा बदल लिहिला, र हलंत जॉइनर दिसलं की त्याजागी ऱ हलंत, आणि हे झाल्यावरच बाकीची न दिसणारी चिन्हं काढायची. गोऱ्हे, वऱ्हाडपांडे, कऱ्हाडकर, ही नावं इंदूर ग्वाल्हेरकडे चिकार आहेत, आणि दुबार सभासदांच्या यादीतल्या कितीतरी जोड्या या एका बदलानंतर दिसायला लागल्या. आधी त्या दुबार आहेत हेच कळत नव्हतं.

साफ केलेलं मूल्य वेगळं आणि माणसाने भरलेलं मूळ वेगळं, दोन्ही ठेवतो. कुणाच्या नावात आपण हात घातला तर त्याचा माग राहिला पाहिजे.

पिनकोडबद्दल मला वेगळी आस्था आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला आणि त्यामागचे गृहस्थ श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी, आपले मराठी माणूस. गावांची सारखी नावं, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, यातून टपाल सुटावं म्हणून केलेली रचना इतकी साफ आहे की तपासणी लिहिणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात. पहिला आकडा विभाग, पहिले तीन मिळून सॉर्टिंग जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस, शून्याने सुरुवात कधीच नाही. पण जेवढी रचना साफ तेवढाच जास्तीचा हिशोब करायचा मोह होतो. "इंदूर जिल्हा म्हणजे ४५२" असा नियम जुन्या कोडमधे होता आणि महूचा पिन ४५३४४१, जिल्हा इंदूरच! टपालाच्या सीमा आणि महसुलाच्या सीमा एक नसतात. दुसरा नियम होता ४५ ते ४९ म्हणजे मध्य प्रदेश, तो कधीकाळी बरोबर होता, पण १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळा झाला आणि ४९ तिकडे गेला, रायपूर ४९२००१. सहा आकडे आणि शून्याने सुरुवात नको, हे रोखा. राज्याशी जुळत नाही, हे विचारा. जिल्ह्याशी जुळत नाही, हे टिपा. जसजसा नियम जगाबद्दल जास्त दावा करतो तसतशी त्याची पातळी खाली आणायची, असा आमचा ढोबळ हिशोब बसला.

जग बदलतं यावरूनच तारखांचा मुद्दा. आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, अकरा अक्षरी, पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, पुढची सहा शाखेची. रचना तपासणं सोपं. पण देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या आणि त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले. बीकेडीएन किंवा व्हीआयजेबी ने सुरू होणारा कोड आजही रचनेने निर्दोष आहे, फक्त त्यावर पैसे जात नाहीत. जुन्या चेकबुकावरून बघून लोक तो मनापासून भरतात. म्हणून प्रत्येक नियमाला कधीपासून कधीपर्यंत, आणि प्रत्येक अर्जासोबत तो कोणत्या आवृत्तीच्या नियमांवर तपासला गेला त्याची नोंद. २०१८ चा अर्ज आज उघडला आणि त्यावर आजचे नियम लावून लाल केला तर तो त्या माणसावर अन्याय आहे, त्याने त्या दिवशी बरोबरच भरलं होतं. मेसेजमधे पण "अवैध आयएफएससी" असं लिहिलं नाही, "देना बँकेचा जुना कोड आता चालत नाही, बँक ऑफ बडोदाच्या नव्या पासबुकावरचा कोड टाका" असं लिहिलं. माणसाला पुढे काय करायचं ते कळलं पाहिजे. मेसेज ताईंनी लिहिलेत, मराठीत आणि हिंदीत, आणि कोणताही प्रोग्रामर लिहील त्यापेक्षा ते चांगले आहेत.

दोन फील्डांमधले नियम जरा जपून. इंदूरच्या सियागंज बाजारातले व्यापारी फर्मच्या नावाने सभासद होतात, त्यांच्या जीएसटी नंबरातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची अक्षरं म्हणजे फर्मचा पॅन, सुरुवातीचे दोन आकडे राज्याचे, मध्य प्रदेश २३, गुजरात २४, महाराष्ट्र २७. पॅन आणि जीएसटी जुळतात का हा उत्तम नियम, पण पॅनच मुळात अर्धवट भरला असेल तर तो चालवायचा नाही, नाहीतर एका चुकीसाठी माणसाला तीन मेसेज दिसतात आणि तो घाबरतो. तर आधी प्रत्येक फील्ड एकेकटं, जे पास झालं तेवढ्यावरच जोडीचे नियम, आणि सगळ्यात शेवटी डेटाबेसमधे जाऊन बघायचे नियम. चुका मात्र सगळ्या एकदम दाखवायच्या, एक दुरुस्त केली की दुसरी असं करून आजोबांना दहा वेळा बटण दाबायला लावायचं नाही.

रेजेक्सबद्दल, म्हणजे मजकूर तपासायच्या पॅटर्नबद्दल, एक सावधगिरी. नियम फाइलीत आले की पॅटर्न पण फाइलीत येतात, आणि एखादा पॅटर्न असा लिहिला जातो की ठराविक मजकुरावर तो मागेपुढे करत प्रोसेसर खाऊन टाकतो. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअर या वेबसाइटींना संरक्षण देणाऱ्या कंपनीच्या फायरवॉलमधे असाच एका पॅटर्नचा नवा नियम गेला आणि जगभरातल्या असंख्य साइट जवळपास अर्धा तास बंद पडल्या. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तो नियम कुणालाही अडवणारा नव्हता, फक्त नोंद करणाऱ्या चाचणी अवस्थेत होता. म्हणजे आमच्या भाषेत 'टिपा'. पातळी कितीही मवाळ ठेवा, नियम चालतो तर पूर्णच. म्हणून लांबीची मर्यादा पॅटर्नच्या आधी, एकात एक पुनरावृत्ती असलेले पॅटर्न फाइलीत घ्यायचेच नाहीत, आणि नवी फाइल सगळ्या शाखांना एकदम न देता आधी एकाच काउंटरला.

आणि लॉग, म्हणजे प्रोग्राम आपोआप लिहितो ती नोंदवही. नियम मोडल्याची नोंद ठेवताना त्या फील्डचं मूल्य लॉगमधे जाऊ द्यायचं नाही. कोणता नियम, कोणतं फील्ड, अर्ज क्रमांक, बस. आधारचा शेवटचा आकडा हा वेरहोफ पद्धतीचा तपासणी अंक असतो, त्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले की लगेच कळतं, फार सुंदर गणित आहे, पण चुकीचा ठरलेला नंबर पण बहुतेक वेळा एका आकड्याने चुकलेला खराच नंबर असतो आणि तो लॉगमधे पडून राहणं म्हणजे कुणाचं तरी आधार उघड्यावर. शिवाय अंक जुळला याचा अर्थ एवढाच की नंबर नीट टाइप झालाय, तो याच माणसाचा आहे हे त्यातून कळत नाही, हे संचालक मंडळाला समजावून सांगायला वेळ लागला.

नवा नियम आला की तो आधी जुन्या सगळ्या सभासदांवर गुपचूप चालवून बघतो. किती जण अडकतात ते दिसतं, आणि मग त्यातली पाच पंचवीस नावं ताई डोळ्यांखालून घालतात. जर त्यातली बहुतेक माणसं खरी निघाली तर नियम खोटा, एवढं साधं. जन्मतारीख १ जुलै असेल तर संशय घ्यावा असा एक प्रस्ताव याच पायरीवर पडला. आमच्याकडच्या जुन्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख लिहिली तीच कागदोपत्री खरी, आणि ती बऱ्याच जणांची १ जुलैच आहे, मार्कशीटवर, पेन्शनच्या कागदावर, सगळीकडे.

अलीकडे चर्चा मोबाइलवर चालू होती. मंडळाचं म्हणणं एक मोबाइल एक सभासद, आणि पातळी रोखा. जुन्या डेटावर चालवलं तर आजी, आजोबा, मुलगा, सून अशी अख्खी घरंच्या घरं एका नंबरवर निघाली, सुदामा नगरातल्या एका घराची तर तीन पिढ्यांची खाती. मॅनेजर साहेब म्हणाले, "अहो, हे कापले तर एफडीच्या अर्ध्या मुदती संपल्याचं कोणाला कळणारच नाही." नियम 'विचारा' वर आला, सोबत नातं निवडायची यादी दिली, आणि त्याच निमित्ताने एसएमएसच्या सुरुवातीला सभासदाचं पहिलं नाव घालायचं काम निघालं, कारण एका फोनवर चौघांचे मेसेज येतात आणि कुणाची एफडी संपली तेच कळत नव्हतं. नावासाठी साफसफाई झालेलं रूप घेतलंय, टिंब काढून.